दुसऱ्याच्या भांडणात

शिमगा उरकला, चाकरमानी मुंबईला परतले. आता पावसाआधी गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, नीट करायची कामं निघतील आणि त्याबरोबर हद्दीचे वादही. दरवर्षी या दिवसांत मनात तोच प्रश्न येतो: शेजारच्या दोन घरांत जुंपली, तर आपण मध्ये पडावं का?

'त्यांचं ते बघून घेतील' हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही, कारण गप्प बसल्याचा फायदा बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो.

गडग्याचंच घ्या. रचाईचा गडगा पावसात कुठेतरी ढासळतो. पुन्हा रचताना पाया वीतभर पुढे सरकतो आणि पाखाडी, म्हणजे वाडीतली पायवाट, अरुंद होते. लक्ष देऊन पाहिलं तर कळतं. जुना चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, बाहेरच्या अंगाने शेवाळाने काळा पडलेला असतो. हलवून लावलेल्या चिऱ्याचा काळा भाग आत किंवा वर गेलेला दिसतो आणि लाल अंग बाहेर येतं. हे वाडीत सगळ्यांना दिसतं, पण बोलत कुणी नाही. पलीकडे एकटी राहणारी काकू असेल तर ती म्हणते, "गणपतीत झिलगो येतलो, तो बघीत," म्हणजे मुलगा येईल, तो बघेल. इथेच घात होतो. शेतात जायची वहिवाटीची वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शिमग्यात अडलेल्या वाटेला गणपतीपर्यंत साडेपाच महिने होतात. मध्ये अधिक महिना आला तर मुदत संपलेलीच. पुढे उरतो तो दिवाणी दावा, म्हणजे वकील, तारखा आणि तालुक्याच्या फेऱ्या. म्हणून त्या काकूला मुदत सांगणं मला नाक खुपसणं वाटत नाही. अर्ज तिनेच करायचा, निर्णयही तिचाच.

निवाडा द्यायला मात्र जाऊ नये. दोघांनी बोलावलं तरच बसावं, आणि आधी दोघांचं वेगवेगळं ऐकावं. गडग्यावर उभं राहून चर्चा करू नये, तिथे आवाज चढतोच. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द कळत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. तिचा अर्ज जमीनधारकानेच करायचा असतो आणि लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. भातकापणीनंतर रान उतरलं की मोजणी सोपी पडते. पावसाळ्यात खुणेचा दगडसुद्धा सापडत नाही.

सर्वात जास्त समझोते फसतात ते सह्यांपाशी. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. गावात राहणाऱ्या भावाने हो म्हटलं म्हणून कागद केला, तर सही न केलेला भाऊ पुढच्या मे महिन्यात येऊन तो मोडतो आणि मध्यस्थावर पक्षपाताचा ठपका बसतो. ज्यांच्या सह्या लागणार, त्या सगळ्यांशी आधी फोनवर बोलून घ्यावं. आणि "जाऊ दे, मिटवून टाका" हे शब्द टाळावेत. मिटवताना माघार जवळजवळ नेहमी दुबळ्यालाच घ्यावी लागते.

घरात बाईला मारहाण होत असेल तिथे यातलं काहीच लागू नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या नाहीत, समेटाला बसवायचं नाही. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ ला फोन करावा, तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याची जबाबदारी अंगावर येत नाही.

मध्ये पडणाऱ्याला उद्या साक्षीला उभं राहावं लागू शकतं, ती तयारी हवी. एवढं जमणार नसेल त्याने निदान गडगा निघायच्या आधी वाटेचे फोटो काढून ठेवावेत, दोन्ही टोकांकडून आणि तारखेसह. चौकटीत विहिरीचा कठडा किंवा विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी यायला हवं, आणि वाटेवर मोजपट्टी आडवी धरलेली. ते फोटो दोन्ही घरांना एकाच दिवशी द्यावेत.