मोंढ्याची पट्टी ते टॅली: एआयला वाचू द्या, हिशोब करू देऊ नका

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या कुठल्याही पेढीवर रोज एक काम असतंच. आडतीवरून (दलालाच्या पेढीवरून) आलेल्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या, टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवायच्या. प्रत्येक आडतीचं पट्टीपुस्तक वेगळं. कुणाकडे वजन आधी, कुणाकडे भाव आधी, कुणाची हमाली-तोलाई छापील रकान्यात तर कुणाची खाली कोपऱ्यात पेनाने लिहिलेली. साचा ठरलेला नसल्यामुळे जुनी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारी) सॉफ्टवेअरं इथे टिकत नाहीत, आणि म्हणूनच फोटो वाचणारं एआय मॉडेल इथे खरोखर कामाला येतं.

तरीही अशा बऱ्याच यंत्रणा डेमोत छान चालतात आणि सोयाबीनची आवक वाढली की त्यांच्यावरचा भरवसा उडतो. माझ्या मते याचं मूळ मॉडेलच्या हुशारीत नाही, कामाच्या वाटणीत आहे. मॉडेलने कागदावर जे आहे ते फक्त उतरवायचं. गुणाकार, बेरीज आणि तपासणी साध्या कोडने करायची. अडलेलं माणसाने बघायचं. ही वाटणी मोडली की दुरुस्ती करता करता नाकी नऊ येतात.

एक पट्टी जवळून बघू. वजनाच्या रकान्यात ‘२३-५’ लिहिलंय, भाव ४,६५०. मोंढ्यातल्या माणसाला हे २३ क्विंटल ५ किलो आहे हे सांगावं लागत नाही. मॉडेल मात्र सहज २३.५ क्विंटल, म्हणजे २३ क्विंटल ५० किलो, असं वाचतं. फरक ४५ किलोचा, म्हणजे २,०९२ रुपये ५० पैशांचा. यावर प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) लांबलचक समज देत बसू नका. उत्तराच्या साच्यातच ‘क्विंटल’ आणि ‘किलो’ असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि दोन्हीत पूर्णांकच चालतील असं बांधून टाका. बहुतेक मोठ्या मॉडेलांच्या एपीआयमध्ये (कोडमधून मॉडेल वापरायच्या सोयीत) उत्तर ठरलेल्या जेसन साच्यातच, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत, द्यायची सक्ती करता येते, ती वापराच. शिवाय मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवणारा तिसरा रकानाही हवा. उद्या वाद झाला तर कागदावर काय दिसलं होतं ते कळलं पाहिजे.

आकड्यांची दुसरी अडचण लिपीची. एकाच पट्टीवर छापील नंबर इंग्रजी अंकांत आणि हाताने लिहिलेलं मराठी अंकांत, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ७ इंग्रजी सहासारखा, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. कार्बनची दुसरी प्रत असेल तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक आडतीची हाताने लिहिलेल्या अंकांची लिपी एकदाच नोंदवून ठेवा आणि त्या आडतीची पट्टी आली की प्रॉम्प्टसोबत ती माहिती पाठवा. या एका गोष्टीने बऱ्याच चुका मुळातच टळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टीवर एकूण रक्कम पुसट असेल तर मॉडेल वजन गुणिले भाव करून ती स्वतःच भरून टाकतं. वरवर ही मदत वाटते, पण तिथेच आपली तपासणी मेली. कारण आपण नंतर वजन, भाव आणि खर्च घेऊन येणारी रक्कम पट्टीवरच्या रकमेशी ताडून बघणार असतो, आणि मॉडेलने दोन्ही बाजू आधीच जुळवून दिलेल्या असतात. म्हणून प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा: कुठलीही रक्कम काढू नकोस, दुरुस्त करू नकोस, दिसत नसेल तर रकाना रिकामा सोड. आणि साच्यात रकाना रिकामा सोडण्याची मुभा खरोखर ठेवा. रकाना सक्तीचा असेल तर मॉडेल काहीतरी भरणारच.

ताळा कोडमध्ये असा लावायचा: वजन गुणिले भाव, अधिक आडत (दलालाचं कमिशन), हमाली, तोलाई आणि बाजार समितीची फी, वजा मॉईश्चर किंवा काडीकचऱ्याची कट असेल तर ती, आणि हे सगळं बरोबर एकूण रक्कम. फरक १ रुपयापर्यंत चालेल, कारण पैसे पूर्णांकात घेतात. टक्केवारीत सूट देऊ नका. १ लाखाच्या पट्टीवर १ टक्का म्हणजे १,००० रुपये, आणि तेवढ्या आकाराच्या खऱ्या चुका त्यात निसटून जातात. वजनकाट्याची पावती सोबत असेल तर आणखी एक ताळा मिळतो. भरलेली गाडी ५,२१० किलो, रिकामी २,८७०, निव्वळ माल २,३४० किलो, तर पट्टीवर २३ क्विंटल ४० किलो यायलाच हवं. बारदान्याचं वजन वजा होत असेल तर तो नियम त्या आडतीच्या नावाने कोडमध्ये लिहा, मॉडेलच्या अंदाजावर सोडू नका.

तारीख, पट्टी नंबर आणि नाव या तीन गोष्टी गणितात येत नाहीत, त्यामुळे त्या चुकल्या तरी ताळा बसतो. तारीख पुढची नसावी आणि फार जुनी नसावी. पट्टी नंबर त्या पुस्तकाच्या चालू क्रमाच्या आसपास असावा. बिलावर जीएसटी नंबर असेल तर तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, त्यापुढची १० अक्षरं पॅनची असतात आणि शेवटचं अक्षर तपासणीचं असतं. ते कोडने ताडून बघता येतं आणि एक अक्षर जरी चुकीचं वाचलं गेलं तरी लगेच पकडलं जातं. नावाचं लेजर (टॅलीतलं खातं) मॉडेलला सुचवू द्या, पण निवड तुमच्या लेजर यादीतूनच व्हायला हवी. जुळणारी दोन नावं निघाली तर पट्टी थेट माणसाकडे.

मॉडेलला ‘तुला किती खात्री आहे’ असं विचारून मिळालेल्या ९५ टक्क्यांवर विसंबू नका. चुकीच्या वाचनालाही ते तेवढ्याच सहजतेने ९५ म्हणतं. त्याऐवजी ज्या रकान्यांना ताळा नाही ते दुसऱ्या मॉडेलकडून पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर पट्टी अडवा.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि पुसट शाई आणखी पुसट होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जा राहतो. आडतीवरच्या पोराला एवढं एकदा शिकवणं हे प्रॉम्प्टवर घालवलेल्या दोन दिवसांपेक्षा जास्त फळ देतं. पट्टीसोबत बँक पासबुक किंवा आधारचा फोटो येतो, तो मॉडेलकडे जाण्याआधीच बाजूला काढा. त्या कामाला त्याची गरज नाही.

एकच पट्टी आडत्याही पाठवतो आणि ड्रायव्हरही. फाईलचा हॅश (फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून दुबार पकडता येईल असं वाटतं, पण व्हॉट्सॲपवर फोटो दाबला गेला की हॅश बदलतो, आणि दोघांचे फोटो तर मुळातच वेगळे. म्हणून ओळख पट्टीच्या मजकुरावरून ठरवा: आडत, पट्टी नंबर, तारीख, रक्कम. हीच ओळख टॅलीत रेफरन्स नंबर म्हणून टाका.

टॅलीप्राईम (टॅलीची सध्याची आवृत्ती) एक्सएमएल नावाच्या साच्यात नोंदी घेतं, सहसा ९००० पोर्टवर. टॅलीत तुमची कंपनी उघडी हवी आणि लेजरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. उत्तरात किती नोंदी तयार झाल्या आणि किती चुकल्या ते येतं. ते वाचल्याशिवाय पट्टीवर ‘झाली’ असा शिक्का मारू नका. मधेच लाईट गेली किंवा उत्तर आलंच नाही, तर नोंद झाली की नाही हे आपल्याला माहीत नसतं. अशा वेळी सरळ पुन्हा पाठवायचं नाही. आधी त्या रेफरन्सने टॅलीत शोधायचं, नसेल तरच पाठवायचं. मॉडेलच्या एपीआयचं तसं नाही, तिथे २, ४, ८ सेकंद थांबत पुन्हा विचारलं तरी बिघडत नाही. प्रत्येक पट्टीची अवस्था एका साध्या एसक्यूलाईट (एकाच फाईलमधला छोटा डेटाबेस) तक्त्यात ठेवा: आली, वाचली, ताळा बसला, मंजूर, टॅलीत गेली, अडकली. इन्व्हर्टर बंद पडून मशीन पुन्हा सुरू झालं तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं.

आज आणि महिन्याभराने तेच उत्तर यावं यासाठी मॉडेलची तारखेसकट ठरलेली आवृत्ती वापरा. ‘लेटेस्ट’ नावामागचं मॉडेल कंपनी कधीही बदलते. टेंपरेचर (उत्तर किती बदलू शकतं ते ठरवणारं सेटिंग) मॉडेल बदलू देत असेल तर शून्य ठेवा, पण त्याने दरवेळी शब्दशः तेच उत्तर येईल याची हमी मिळत नाही. म्हणून उत्तर ठरलेल्या साच्यात आणि ताळे त्यावर. प्रॉम्प्ट फाईलमध्ये ठेवा, तिला आवृत्ती नंबर द्या आणि प्रत्येक नोंदीसोबत तो लिहा. १०० पट्ट्यांचा संच बाजूला काढून त्यांची बरोबर उत्तरं हाताने लिहून ठेवा. त्यात कार्बनच्या प्रती, घडी पडलेले कागद, ‘२३-५’ सारखी वजनं मुद्दाम असू द्या. प्रॉम्प्टमधला एक शब्द बदलला तरी आधी या संचावर चालवा आणि निकाल रकान्यागणिक बघा. एकूण ९७ टक्के बरोबर असेल, पण वजनाच्या रकान्यात ९० असेल, तर ती यंत्रणा अजून तयार नाही.

अडकलेल्या पट्ट्यांचा स्क्रीन कसा असावा यावर लोक फार कमी विचार करतात. शंकेचा आकडा मॉडेलने आधीच भरून दाखवला की रात्री दहाला थकलेले मुनीमजी तसाच मंजूर करतात. तो रकाना रिकामा दाखवा, शेजारी पट्टीचा तेवढाच तुकडा मोठा करून द्या आणि त्यांना टाईप करू द्या. मुनीमजींची नजर हा या यंत्रणेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, तिला नीट काम करता येईल अशी जागा द्यायला हवी.

सुरुवात उन्हाळ्यात करा, आवक कमी असताना. पहिले दोन-तीन आठवडे हाताने नोंद आणि यंत्राने वाचन बरोबरीने चालू द्या, आणि यंत्राला टॅलीत लिहू देऊ नका. रोज संध्याकाळी दोन्हींचा फरक काढा. दसऱ्याला आवक वाढली की अडकलेल्या पट्ट्यांचं प्रमाण रोज बघा. ते अचानक दुप्पट झालं तर टॅलीकडे जाणारा रस्ता आपोआप बंद व्हायला हवा. बहुतेक वेळा एखाद्या आडतीने नवं पट्टीपुस्तक छापलेलं असतं. त्याच्या दहा पट्ट्या संचात घाला, चाचणी पास झाली की रस्ता पुन्हा उघडा.