मिठात पुरा, म्हणाले होते

रविवार, रात्री

पुण्यात गंज पेठेतलं काम लवकर आटपलं म्हणून फुले वाड्यात शिरले. वाडा म्हटला की दिंडीदरवाजा, चौकामागून चौक असं काही डोळ्यांपुढे येतं. इथे तसला थाट नाही. लाकडी खांब, कौलं, अंगण. बरं वाटलं.

हे घर लोकांसाठी किती उघडं होतं! १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय इथे केली. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे वाचायला सोपं आहे. भावकीचं आणि शेजाऱ्यांचं बोलणं रोज ऐकायचं कुणाला होतं, तर सावित्रीबाईंनाच.

या घराकडे जोतीरावांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. १८८७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की मला जाळू नका, मिठात घालून पुरा. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता म्हणे. त्यानंतर पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, आणि वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी नाकारली. हे गृहस्थ त्याच नगरपालिकेत काही वर्षं सभासद होते! नियम असेल, नाही म्हणत नाही. पण मला आपला राग आलाच. शेवटी दहन झालं आणि अस्थी इथे आणून ठेवल्या. मागे तुळशीवृंदावन आहे, तीच समाधी.

अंत्ययात्रेत आणखी एक भांडण झालं. टिटवं म्हणजे तिरडीपुढे धरायचं विस्तवाचं मडकं. दत्तक मुलाने ते धरायचं नाही, हक्क आमचा, असं म्हणत पुतणे आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या.

संध्याकाळी फोनवर आईला हे सांगितलं. तिच्या वडिलांच्या वेळी मुलगा नाही म्हणून टिटवं लांबच्या पुतण्याने धरलं होतं. आई, मावशी घरातच. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "अठराशे नव्वद? आणि आम्हाला सांगत होते, बायकांनी जायची पद्धतच नाही."