जड काही उचललं नव्हतं

"काही जड उचललं होतं काय?" दोन वर्षं झाली, स्टाफरूममध्ये, नागपूरच्या बर्डीवर बाजारात, लग्नाच्या पंगतीत हेच. मग, "36व्या वर्षीच मणक्यात गॅप? तुम्ही तर बारीक आहात!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मे महिना होता. कूलरमध्ये पाइप सोडायला वाकले आणि शिंक आली. कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं झालं. गॅलरीतच पडले. पाइप हातातून सुटला, पाणी अंगाखालून वाहत राहिलं, मला कूस बदलता येईना. आई काठी टेकत आली. तिला वाकता येत नाही, मला उठता येत नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "गुडघे पोटाशी घे. आता कुशीवर वळ. हातावर जोर दे, कमरेवर नको." एकेक पायरी सांगत गेली, कारण ती रोज सकाळी पलंगावरून तशीच उठत होती. आणि मी तिला वर्षानुवर्षं ऐकवत आले होते, "वजन कमी कर, चालायला जा." तिला कसं दुखतं, हे कधी विचारलंच नव्हतं.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. वयाचं म्हणाल तर हा त्रास मुख्यतः 30 ते 50 मध्येच होतो. गादीतला गर तेव्हा ओला असतो, म्हणून बाहेर सरकू शकतो; म्हातारपणी सुकतो. पुरुषांत जास्त आढळतो, पण बायका सुटत नाहीत. 1994 च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखीचा त्रास नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी गादी फुगलेली होती. म्हणजे विचारणाऱ्यांपैकीही कित्येकांची असेल. दुखणं माझ्या वाट्याला आलं, एवढंच.

एवढंच? हिंगणा रोडच्या खड्ड्यांतून बारा वर्षं स्कूटर चालवली, तो राग अजून जात नाही. बहुतेकांना ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत आराम पडतो. मला पाच महिने लागले, तेव्हा चूक कुठे झाली हे मीही शोधत होते. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासांत गादीच्या झिजेत जड कामापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. ते वाचून आधी हायसं वाटलं, मग आई आठवली.

परवा तिनंच विचारलं, "माझ्याकडून तर नाही ना आलं तुला?"

मी नाही म्हटलं.