पुसली न जाणारी फाइल आणि फॉरमॅटची घाई

सांगलीत विश्रामबाग परिसरात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर 'नल' (nul) नावाची एखादी फाइल अधूनमधून सापडते. ती पुसायला गेल्यावर विंडोज उपकरणाचे नाव अवैध असल्याचे सांगते, अँटीव्हायरसला काहीच आढळत नाही, आणि मग कोणीतरी सारा संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला देतो. हा सल्ला कृपया मानू नका, कारण अशा वेळी डिस्क बिघडलेली नसते. अडचण केवळ त्या नावाची असते.

१९८१ साली आलेल्या, विंडोजची पूर्वज असलेल्या एमएस-डॉस या संगणक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरची सोयच नव्हती. कीबोर्ड व पडद्यासाठी 'कॉन', प्रिंटरसाठी 'पीआरएन', नको असलेला मजकूर टाकून देण्यासाठी 'नल', तसेच 'ऑक्स', 'कॉम१' आणि 'एलपीटी१' अशी नावे उपकरणांसाठी राखून ठेवलेली होती. १९८३ मध्ये फोल्डर आले, तरी जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली, आणि तोच वारसा विंडोजकडे आला. त्यामुळे 'नल' पुसण्याची आज्ञा मिळताच विंडोज फाइलऐवजी उपकरणाकडे वळते. लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीला मात्र या नावांचे वावडे नाही, आणि विंडोजवर लिनक्सच्या पद्धतीने आज्ञा चालवणाऱ्या गिट बॅश या प्रोग्रामलाही नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टसाठी, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीसाठी लिहिलेली, शेवटी 'नल'कडे मजकूर वळवणारी ओळ गिट बॅशमध्ये चालवली, तर तिथे त्या नावाची खरीखुरी फाइल तयार होते.

जिने फाइल बनवली त्या गिट बॅशमध्येच 'आरएम' (rm) ही आज्ञा देऊन ती पुसणे सर्वांत सोपे आहे. ती सोय नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डेल' (del) या आज्ञेपुढे अवतरणचिन्हांत फाइलचा ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पूर्ण पत्ता द्यावा आणि त्या पत्त्याच्या आधी \\?\ ही चार चिन्हे जोडावीत. ही चिन्हे असली की विंडोज नावाची नेहमीची छाननी न करता पत्ता जसाच्या तसा फाइल सिस्टिमकडे सोपवते. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेल्या हट्टी नावांनाही हाच उपाय लागू पडतो. फोल्डर असल्यास 'डेल'ऐवजी 'आरडी' (rd) वापरावे. त्याला '/एस' (/s) जोडल्यास आतील सर्व काही जाते. यातले काहीही रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून आत प्रकल्पाचे काम असण्याची शंका आल्यास आधी तोच उपसर्ग लावून 'रेन' (ren) आज्ञेने नाव बदलावे, म्हणजे फाइल नेहमीसारखी उघडून पाहता येते.