शेजारची खुर्ची

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता असून गेली अनेक वर्षे तो अपंग व्यक्तींसाठी चालवलेल्या एका संरक्षित कार्यशाळेत लिफाफे चिकटवण्याचे काम करतो. त्याच्या फोनमध्ये चारच नंबर होते: आई, मी, डॉक्टर आणि कार्यशाळा. ज्या मित्राच्या शेजारी बसून त्याने ९ वर्षे काम केले, त्याचा नंबर त्यात नव्हता आणि ही उणीव आम्हा घरच्यांपैकी कोणाच्याही कधी लक्षात आली नव्हती. त्या मित्राची आई वारल्यावर त्याला दुसरीकडच्या निवासी संस्थेत हलवण्यात आले, तेव्हा माझ्या भावाला कोणी काहीच सांगितले नाही. पुढे कित्येक दिवस तो शेजारच्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवून ती जागा धरून ठेवत असे.

चाळिशी उलटलेल्या माणसांनाही आपण 'आमची मुलं' म्हणतो. त्यात माया असते, पण त्या मायेपोटीच घर, औषधे आणि दिवसभराचे काम यांची सोय लागली म्हणजे सगळे झाले, असे आपण धरून चालतो. त्यांच्या भोवती असतात ते बहुधा नातेवाईक किंवा पगारी मदतनीस, आणि मदतनीस कितीही जिव्हाळ्याचा असला तरी नोकरी बदलली की तोही जातो. मैत्रीची ओढ त्यांना कमी नसते. कमी पडते ती फोन लावून देणारी, नेऊन सोडणारी आणि उशीर झाला तरी थांबणारी सोबत.

इंग्लंडमधील ब्रायटनच्या 'हेवी लोड' या पंक बँडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले कलाकारही होते. कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना रात्री नऊच्या सुमारास बौद्धिक अक्षमता असलेले श्रोते उठून जातात, कारण त्यांच्या मदतनीसांची पाळी दहाला संपते, हे या बँडच्या ध्यानात आले आणि त्यातून 'स्टे अप लेट' (उशिरापर्यंत जागे राहा) ही मोहीम उभी राहिली. तिच्याच 'गिग बडीज' (कार्यक्रमाचे सोबती) उपक्रमात अशा व्यक्तीची समान आवडीच्या स्वयंसेवकाशी जोडी जुळवून दिली जाते. मला त्यातील आवडीचा निकष फार मोलाचा वाटतो, कारण दया हा मैत्रीचा पाया होऊ शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने तर, कलम ३० मध्ये, विरंगुळ्यातील सहभाग हा हक्कच मानला आहे.

आम्ही त्या मित्राचा नंबर मिळवला. पहिल्या फोनवर "कसा आहेस?", "बरा" एवढेच बोलणे झाले, नंतर बराच वेळ दोघेही गप्प होते, पण फोन कोणीच ठेवला नाही. आता महिन्यातून एकदा मी भावाला तिकडे घेऊन जाते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहते. निघायचे केव्हा, हे ते दोघे ठरवतात.