मॅसी 35, दुसरा टप्पा: जाम इंजिन सुटले, हायड्रॉलिकचे तेल अजून दुधाळ

गाडी म्हणजे मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टर. तीन सिलिंडरचे पर्किन्स डिझेल इंजिन, बोअर 91.4 मिमी, स्ट्रोक 127 मिमी, म्हणजे साधारण 2500 सीसी. गोव्यात बार्देशात खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेला मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, काही पावसाळे उभी होती, सायलेन्सरचे तोंड आभाळाकडे उघडे. पाइपवर एक करवंटी उपडी घातली असती तरी पुढचे अर्धे काम वाचले असते.

जाम इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही आणि ओढूनही चालू करायचे नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल) आणि अॅसिटोन निम्मेनिम्मे, 50 मिली ओतले. चार दिवस रोज थोडी भर. मग स्टार्टर काढला आणि त्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला पहार लावून पुढे-मागे हलवले. पहिल्यांदा दातभर हलले तेवढे पुरे, जोर वाढवायचा नाही. सहाव्या दिवशी पूर्ण फेरा फिरला.

हेड उघडल्यावर एक आणि तीन नंबर बरे निघाले. दोनमध्ये गंजाचे कडे होते, कारण गाडी बंद पडली तेव्हा त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि दमट हवा थेट आत जात होती. गंजाचा डाग होनने (सिलिंडर आतून घासायच्या दगडी हत्याराने) निघतो, पण नखाला लागणारा खड्डा रिंगच्या वाटेत असेल तर लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बदलायचाच. लायनर ड्राय आहे, म्हणजे त्याला पाणी लागत नाही, तो प्रेसवरच बसवायचा. घणाने ठोकला की अंडाकार होतो, आणि मग नव्या रिंगाही तेल खातात. व्हॉल्व्ह पेस्टने घासून पोर्टमध्ये रॉकेल ओतले. दहा मिनिटांत सीटवर ओल दिसली नाही, तेव्हा हेड चढवले. टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली) थंड इंजिनाला 0.30 मिमी.

डिझेल पंप सीएव्ही कंपनीचा, डीपीए जातीचा. बराच काळ पडून राहिला की आतला मीटरिंग व्हॉल्व्ह (इंजिनाला किती डिझेल जायचे ते ठरवणारा) डिझेलच्या चिकट्याने अडकतो. बंद बाजूला अडकला तर इंजिन उठत नाही, उघड्या बाजूला अडकला तर रेस आवरत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवायचा आणि इनटेकच्या तोंडावर दाबायला जाड फळी हाताशी ठेवायची. फडके नको, आत ओढले जाते. डिझेलच्या लाइनमधली हवा काढताना आधी फिल्टर, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, मग गव्हर्नरचा, शेवटी नोझलचे नट.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. आपल्याकडच्या पावसात हे ठरलेलेच. गाडी लावताना पेडल दाबून लाकडाची खूट घातली तर टळते.

आता तेल. या गाडीत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, त्यामुळे गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून गेलेले पाणी पंपापर्यंत पोचते. दोन दिवस गाडी न हलवता प्लग सैल केला तर आधी निव्वळ पाणी येते. ते संपले की सगळे तेल काढायचे. प्लग एकाहून जास्त आहेत, एकच उघडून थांबू नये. पहिले फ्लशिंग झाले, तरी डिपस्टिकवरचे तेल दुधाच्या चहाच्या रंगाचे आहे, म्हणजे पाणी अजून आहे. आणखी एकदा स्वस्त तेल घालून, लिफ्ट वर-खाली करून गरम असतानाच काढायचे आहे. चांगले तेल त्यानंतर.

मागचे ब्रेक उघडायचे आहेत. अॅक्सलचा सील गेला की लायनिंग तेलाने भिजते. ते धुऊन वापरता येत नाही, नवे लागते. मागची बाजू उचलताना जॅकखाली चिरा (जांभा दगड) ठेवू नका, भाराने तो फुटतो. लाकडी ओंडके घ्या.

गंजलेले छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 व्होल्टच्या चार्जरवर लावले आहेत, विजेने गंज सुटतो. भाग निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साधे लोखंड. स्टेनलेस स्टील नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. अॅल्युमिनियमचे भाग तर या पाण्यात घालायचेच नाहीत. हायड्रोजन सुटतो, म्हणून टब उघड्यावर.

रंग चतुर्थीच्या दिवसांत लावायचा नाही. नुसता रेड ऑक्साइड प्राइमर ओल धरतो आणि खालून गंज पुन्हा सुरू होतो. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की प्राइमर आणि वरचा रंग पाठोपाठ.