खिडकीतला रेडिओ

कोपरखैरण्याला आमचं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि ट्रान्समीटर फक्त ५० वॅटचा. हवा चांगली असली की ऐरोलीपासून नेरूळपर्यंत ऐकू येतं, पलीकडे पारसिकचा डोंगर आहेच आडवा. इथे टेक्निकलचं सगळं मी एकटाच बघतो. महागडी यंत्रं परवडत नाहीत त्यामुळे जुगाड भरपूर. त्यातला सगळ्यात भरवशाचा म्हणजे खिडकीत ठेवलेला छोटा एफएम रेडिओ. कारण काय, स्टुडिओत हेडफोनवर जो आवाज येतो तो मिक्सरचा असतो, हवेतला नाही, म्हणजे ट्रान्समीटर मेला तरी आत बसलेल्याला काही कळत नाही.

जुलैतली गोष्ट. दुपारी चारला डॉक्टर आले होते, डायबेटिसवर लाइव्ह, बाहेर धो धो पाऊस. मी चहा घेत होतो आणि खिडकीतल्या रेडिओवर एकदम खरखर. धावत ट्रान्समीटरच्या रॅककडे गेलो तर ५० वॅटचे १२ झालेले आणि रिफ्लेक्टेडचा आकडा वाढलेला. म्हणजे वर पाठवलेली पॉवर अँटेना घेत नव्हती, उलटी परत येत होती, आणि मशीन स्वतःला वाचवायला हळूहळू मान टाकत होतं. पॉवर बंद केली, केबल काढून डमी लोड लावला (अँटेनाच्या जागी सगळी पॉवर गिळणारा डबा), परत चालू केलं तर रिफ्लेक्टेड शून्य. मशीन ठणठणीत, घोळ गच्चीवर.

पाऊस जरा ओसरल्यावर ट्रान्समीटर पुन्हा बंद करून वर गेलो, वॉचमन काका छत्री धरून. अँटेनाच्या पाइपच्या पायथ्याशी केबलचा जोड, त्यावर साधी काळी टेप, उन्हाने गोंद सुटून लोंबत होती. कनेक्टर फिरवला तर आतून चमचाभर पाणी सांडलं! तांब्याची जाळी हिरवी पडलेली. केबल सरळ वरून खाली जोडात उतरत होती, म्हणजे पाण्याला पन्हाळच की. ज्याने बसवली तो कधीच गायब झालाय, आणि आधी बघितलं नाही म्हणून मलाही शिव्या घालायला हव्यात.

वीतभर केबल कापली, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. खालच्या पार्लरमधून हेअर ड्रायर मागून आणला (ताईंनी आधी विचारलं की कोणाचे केस?), जोड सुकवला, ड्रॉवरमधला स्पेअर कनेक्टर बसवला. वरून सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली आणि केबलला जोडाच्या आधी खाली झोल दिला, पाणी तिथूनच टपकून जावं म्हणून. चालू केलं, ५० वॅट, रिफ्लेक्टेड जवळपास काहीच नाही. पाऊणएक तास गेला यात.

खाली आलो तर डॉक्टर छान रंगात, आरजे खूश, दोघांना पत्ताच नाही की मधला सगळा वेळ नवी मुंबईत कोणी ऐकत नव्हतं. त्यातच एका आजींचा फोन आलेला, "अहो माझा रेडिओ बिघडलाय का हो?" आणि आरजेने हसून सांगितलं की आजी, सेल बदलून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कार्यक्रम रेकॉर्डिंगवरून पुन्हा लावला, आजींचा भाग कापायचं राहून गेलं. त्या सकाळी सहा जणांनी फोन करून विचारलं की सेल कोणते टाकायचे.